तिन्हीसांजेला ओहायो

—नाही हो आई, चुकले नाही मी. ओहायोच म्हणाले. ओहायो गोझाइमास, अगदी शेपटीसकट. हो, संध्याकाळचे पाच वाजून गेलेत, बाहेर दिवे लागलेत, तुम्ही आत्ताच देवापाशी निरांजन लावलंत — सगळं दिसतंय मला. आणि अक्षयानं तुम्हाला शिकवलंय तेही बरोबरच आहे — सकाळी ओहायो, दुपारी कोन्निचिवा, दिवेलागणीनंतर कोम्बानवा. पोरगी सहा वर्षांची असली तरी तिचं जपानी माझ्यापेक्षा चांगलंय, आणि तुम्ही तर ते पाढ्यांसारखं पाठ केलंत. पण मी आत्ता फोनवर ज्या बाईशी बोलत होते ना, तिला संध्याकाळीसुद्धा ओहायोच म्हणायचं असतं. भर दुपारी भेटली तरी ओहायो, रात्री भेटली तरी ओहायो. पद्धतच आहे तशी त्यांच्यात — आता ‘त्यांच्यात’ म्हणजे कुणांत, हा तुमचा पुढचा प्रश्न. तुम्ही विचारला नाहीत, पण चष्मा नाकावर खाली घेतलात. सगळा जन्म शाळेत गणित शिकवलेल्या बाईनं चष्मा खाली घेतला की समोरच्यानं वही पुढे करायची, एवढं कळतं मला. सांगते. सांगते हो. पण तुम्ही लाडू वळायचे थांबू नका — पाक आवळला की दगड होतील, आणि रविवारी हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना आपण तिळगुळाऐवजी गोट्या दिल्या असं होईल. थांबा, तूप सरकवते तुमच्याकडे.

तर फोनवर युलान होती. युलान म्हणजे — अहो, तुम्ही बघितलंय तिला. खालच्या मजल्यावरची, लाल मफलर, पाठीवर लांबोडकी काळी पेटी घेऊन सायकल हाणत स्टेशनकडे जाते ती. आल्या आल्या तुम्ही मला विचारलं होतंत, ही बाई रोज बंदूक घेऊन कुठे जाते गं म्हणून. बंदूक नाही त्यात. अर्हू आहे. दोन तारांचं चिनी वाद्य, आपल्या सारंगीची चुलतबहीण म्हणा. तुम्ही एकदा दुपारी दचकून उठलात ना, कुणाच्या घरी गेलं वाटतं कुणी — तेव्हा ती रियाज करत होती. कुणी गेलं नव्हतं. लग्नाच्या पार्टीत वाजवायचं गाणं होतं ते, आनंदाचं. — हसलात ना? दिसलं मला. बरं, तर सहाच्या सुमाराला येतेय ती वर. उत्तर माझं तिला कालच मिळालंय, आज नुसती एक वस्तू परत द्यायला येतेय. आणि खरं सांगू, ती यायच्या आत तुमच्याशी बोलावं असं सकाळपासून मनात आहे, पण तोंड उघडलं की काहीतरी दुसरंच बाहेर येतंय — मीठ कुठाय, गूळ किती, असलं. बरं झालं तुम्ही ते ओहायो पकडलंत.

युलान चीनची. तिआनजिन नावाचं शहर आहे, तिथली. तिची आई बसमध्ये कंडक्टर होती. त्या गावात म्हणे दोन माणसं नुसती उभी राहून एकमेकांशी बोलतात आणि समोर शंभर माणसं पोट धरून हसतात — नाटक नाही, गाणं नाही, नुसतं बोलणं. चहाच्या दुकानात बसून लोक ऐकतात. ही लहानपणी आईच्या बसमध्ये उभी राहून तेच करायची, दोन्ही माणसांचे आवाज एकटीच काढायची. मग शिकायला म्हणून जपानला आली — सेंदाईला, अर्थशास्त्र शिकायला! तुम्हीच सांगा, असल्या मुलीनं अर्थशास्त्र शिकून कुणाचं भलं होणार होतं? दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात अरुबाइतो — अरुबाइतो म्हणजे हे आपलं वरकड काम, शिकणारी मुलं करतात ते. तिथे पट्ट्यावरून डबे सरकायचे, ही प्रत्येक डब्यात आवळ्याएवढं एक लाल लोणचं ठेवायची — भाताच्या बरोब्बर मधोमध — आणि शेजारच्या बायका जे बोलायच्या ते ऐकायची. त्या बायकांच्या नकला करायला लागली. त्यांच्यासमोरच! आणि त्या बायका हसून हसून डबे रिकामे सोडायला लागल्या, म्हणून हिला काढून टाकलं. ती सांगते, आयुष्यातला पहिला मान तो, म्हणे.

मग आली तोक्योला. आणि काय केलं नाही ते विचारा. चिनी नववर्षाला कोबेला जाऊन हॉटेलात अर्हू वाजवते. रेडिओवर चिनी शिकवते. परदेशी माहितीपट येतात ना टीव्हीवर, त्यात आजीचा आवाज तिचा आणि नातीचाही तिचाच. त्या खऱ्या गोष्टी नाट्य करून दाखवतात त्या कार्यक्रमांत ती असते — स्मगलर झालीय, राजकन्या झालीय, दोनदा प्रेत झालीय. प्रेताचं काम चांगलं, म्हणते, पाठांतर नसतं. एका मोबाइलच्या जाहिरातीत तिचा फक्त हात आहे. स्टेशनावर मोठ्ठा लावला होता तो हात, तुम्ही रोज त्याखालून जायचात! आणि फुनाबाशीच्या त्या मोठ्या दुकानात चिनी भाषेत घोषणा होतात ना — अमुक रंगाचा कोट घातलेलं मूल सापडलंय, पालकांनी यावं — ती युलान. मेईशी — व्हिजिटिंग कार्डं हो — प्रत्येक धंद्याचं वेगळं छापलंय. समोरचा कोण आहे बघून त्या त्या खिशातून काढते. एकदा घाईत स्मशानाच्या पुजाऱ्याला तिनं स्वयंपाकाच्या क्लासचं कार्ड दिलं. आणि हे सगळं टेप करून ती आईला पाठवते तिआनजिनला, आणि आई फोनवर म्हणते, बाई, सगळं बघितलं, पण यात तू आहेस कुठे? आता हिचा नुसता हात, नाहीतर नुसता आवाज, नाहीतर तोंडावर पांढरी चादर. आई तरी काय ओळखणार? युलान हे सांगते तेव्हा आईचा आवाज इतका हुबेहूब काढते की आपण हसतो, आणि मग जरा वेळानं आपल्याला वाईट वाटतं.

नाही, माझी ओळख कुठे झाली तेही सांगते. कचऱ्यापाशी. कुठे होणार दुसरीकडे! आम्ही नवीन आलो होतो, मी जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी बाटल्यांची पिशवी नेऊन ठेवली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या ओकुमुरा-आजोबांनी पकडलं मला. ओरडले नाहीत — इथे ओरडत नाहीत, ती तर पंचाईत. इतक्या नम्रपणे, इतका वेळ, इतकं वाकून समजावत राहिले की मला वाटलं आता रडूच फुटणार. ते गेले. आणि कचऱ्याच्या निळ्या जाळीमागून पुन्हा तोच आवाज, तेच वाकणं, तोच दोन बोटांनी पिशवीची गाठ दाखवायचा प्रकार — बघते तर ही लाल मफलरवाली! आई, मी रस्त्यात बसले हसत. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले होते इतकी. अंबरीष सकाळी आठला जायचा आणि रात्री अकराला यायचा, अक्षया त्या बालवाडीत, आणि मी दिवसभर भिंतीकडे बघत, पुण्याला फोन करायची वेळ होईपर्यंत. तुम्हाला फोनवर मी सगळं छान आहे म्हणायचे. छान नव्हतं.

मग एक दिवस ती म्हणाली, उद्या मोकळी आहेस का, एक परदेशी बाई कमी पडतेय. परदेशी बाई! मी? गेले. एका मालिकेत मोठा विमानतळ दाखवायचा होता, तोही खोटा, इथेच चिबातल्या कुठल्याशा हॉलमध्ये. मी सूटकेस ओढत डावीकडून उजवीकडे गेले. मग ओढणी डोक्यावरून घेऊन उजवीकडून डावीकडे. मग गॉगल लावून पुन्हा. तीन देशांची माणसं झाले मी एका सूटकेसवर! आणि तिथे गेल्या गेल्या, दुपारचे चार वाजलेले, सगळे आपले ओहायो गोझाइमास, ओहायो गोझाइमास. मला वाटलं चेष्टा करताहेत. युलाननं सांगितलं, आपल्या धंद्यात ज्याचं काम जेव्हा सुरू होतं तेव्हा त्याची सकाळ. घड्याळाचा संबंध नाही. कधीही ये, ‘सकाळ झाली’ म्हण आणि कामाला लाग. मला ते इतकं आवडलं, आई. तिशी उलटल्यावर सकाळ झाली तरी चालते म्हणजे.

काम करायची परवानगी आहे हो! शिक्का आहे पासपोर्टात, इमिग्रेशनच्या ऑफिसात स्वतः अंबरीष घेऊन गेला होता मला. — हो. त्याला माहितीये. सगळं माहितीये. चिडू नका त्याच्यावर, तुमचाच मुलगा आहे, भांडण टाळायची कला त्याच्याकडे तुमच्याकडून आलेली नाही एवढंच. म्हणाला, आईला आधी इथे रुळू दे, संक्रांत होऊ दे, मग सांगू. कारण पुण्यात आपल्या खालच्या मजल्यावरच्या दमयंतीकाकूंची मुलगी मालिकेत दिसायला लागली होती, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात ते आम्हा दोघांनाही आठवत होतं — तोंडाला रंग फासून लोकांच्या घराघरांत शिरायचं, हे काय काम झालं? म्हणून मी मंगळवार-शुक्रवार ‘जपानीचा क्लास’ सांगून जाते. तसं अगदीच खोटं नाही ते. जपानीतच बोलतो आम्ही. फक्त युलानच्या खोलीत, आरशासमोर उभ्या राहून.

कारण — थांबा, हा लाडू जरा मोठा झाला, मोडा तो — कारण काय झालं, युलानला कंटाळा आला. या टीव्हीवाल्यांचा. तिचं जपानी इतकं स्वच्छ आहे की डोळे मिटले तर कळणार नाही चिनी आहे म्हणून, आणि ते तिला सांगतात, जरा मोडकंतोडकं बोला, लोकांना मजा वाटते. जरा रागवा, चिनी बाई रागावली की छान दिसते. पोटासाठी तीही मोडकं बोलते, रागावतेही. पण तिचं म्हणणं, एकदा तरी असं उभं राहायचंय की काय बोलायचं ते मी ठरवणार, आणि मी सगळी दिसणार, हातापायांसकट. इथे ते मानझाई म्हणतात ना — दोघं माइकसमोर उभे, एक वेड्यासारखं बोलतो आणि दुसरा त्याला टोकतो — तिच्या गावच्यासारखंच. तिची एक जोडीदारीण होती, जपानी, चांगली होती. लग्न करून कोबेला गेली. आणि तोक्योत असाकुसाजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये रविवारी दुपारी दोनला नव्या जोड्या बघणार आहेत. पसंत पडली जोडी तर दर महिन्याला तिथे उभं राहायला मिळणार. नाही पडली — किंवा उभ्याच राहिलो नाही — तर सोमवारी तिला त्या फुनाबाशीच्या दुकानाला हो म्हणायचंय. कायमची नोकरी देताहेत ते. घोषणांची. खिडकी नसलेली खोली, एक माइक, दिवसभर हरवलेली मुलं आणि सापडलेल्या छत्र्या. वाईट नाही हो, चांगली नोकरी आहे, मी तिला म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, हो, चांगली आहे, तिथे तर हातसुद्धा दिसणार नाही.

हो आई. जोडीदारीण मी. बरोबर ओळखलंत. तुम्हाला रीत दाखवावी लागत नाही, उत्तर आधीच येतं.

आणि रविवारी दुपारी हळदीकुंकू. तुम्ही ठरवलंत तेव्हा मी काय बोलणार होते? तुम्ही पुण्याहून गूळ आणलात, चिक्कीचा वेगळा नि साधा वेगळा, बॅगेत साड्या कमी आणि गूळ जास्त. इथे येऊन चिबाचे शेंगदाणे स्वतः भाजलेत, शंभर येनच्या दुकानात तास काढून वाणाचे डबे निवडलेत, नयनाला, स्नेहलताला, राधिकाला स्वतः फोन केलेत. माझ्या घरातलं इथलं पहिलं हळदीकुंकू, सासूच्या हातचं, आणि मी म्हणू की मला त्या दिवशी असाकुसाला जाऊन लोकांना हसवायचंय? नाही आलं तोंडून. म्हणून काल खाली गेले आणि युलानला सांगितलं, जमणार नाही. चहा केला. म्हणाली, सासू आधी, आमच्याकडेही असंच असतं. आणि मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा सासूचा हुबेहूब — नाही. ते जाऊ दे.

काही नाही हो. ते आपलं काही नाही. लाडू किती झाले? — आई, असं बघू नका ना.

बरं. सांगते. आता एवढं सांगितलंच आहे. युलान परत काय आणून देणार आहे ते विचारा. विचारा ना. तुमची शाल. ती तपकिरी. तुम्ही आठवडाभर शोधताय ना, कपाटं उपसलीत, अंबरीषला बाल्कनीतनं खाली वाकून बघायला लावलंत, वाऱ्यानं उडाली म्हणून. उडाली नाही. युलानकडे आहे. कशासाठी? तर — आमच्या त्या दहा मिनिटांच्या बोलण्यात मी जी बाई होते ना, तिला शाल लागते. आणि चष्मा. नाकावर खाली घेतलेला. — हो. तुम्ही. तुम्हीच आहात, आई. मी तुम्ही होते, आणि युलान अख्खं जपान.

रागावलात? रागवा. पण वळता वळता रागवा. आधी ऐकून तरी घ्या काय करते मी. भाजीवाल्याशी तुम्ही मराठीतच बोलता ना — सरळ, खणखणीत, पुण्याची — ‘हा मुळा जून आहे, आतला काढ, मला दिसतोय तो’ — आणि तो आपला जपानीत ‘हाय, हाय’ — म्हणजे हो, हो — करत बरोब्बर आतला मुळा काढून देतो! मी इथे दोन वर्षं घालवून भाजीवाल्यासमोर चाचरते, आणि तुम्ही आलात आणि आठवड्यात तो तुमच्यासाठी कोवळी मेथीसारखी कसलीशी भाजी बाजूला काढून ठेवायला लागला. ते करते मी. ओकुमुरा-आजोबांना तुम्ही दुधाची खोकी धुऊन, कापून, वाळवून, सुतळीनं बांधून नेऊन दिलीत, आणि ते चूक काढायला शोधत राहिले पण चूकच सापडेना — ते करते. ओकुमुरा-आजोबांचं काम युलान करते. भात झाला की कुकर गाणं वाजवतो त्याला तुम्ही ‘कळलं, कळलं’ म्हणता — तेही.

आणि शेवट — शेवट त्या दुकानातला. आठवतंय ना? फुनाबाशीला थर्मास घ्यायला गेलो आपण. तुमचं म्हणणं दहाचं दुकान म्हणजे पावणेदहाला पोचायचं, म्हणून दार उघडलं तेव्हा पहिल्या आपणच. आणि इथली रीत अशी की दार उघडताना सगळा नोकरवर्ग दोन्ही बाजूंना रांगेत उभा राहतो आणि पहिल्या गिऱ्हाइकांना वाकून नमस्कार करतो. मी आपली मान खाली घालून सटकायच्या बेतात. आणि तुम्ही थांबलात. म्हणालात, ‘अगं, किती संस्कारी मुलं आहेत बघ,’ आणि गेलात पहिल्या मुलीपाशी आणि तिच्या डोक्यावर हात ठेवलात — सुखी राहा! आता ती बिचारी, गिऱ्हाईक पुढे गेल्याशिवाय तिनं वर उठायचं नाही हा तिचा नियम, आणि ती उठल्याशिवाय तुम्ही पुढे जायचं नाही हा तुमचा. मग दुसरी. मग तो टाय लावलेला मुलगा — आयुष्मान हो. मग ती अत्तराच्या टेबलावरची. मागे गिऱ्हाइकांची ही रांग! अक्षया माझा कोट ओढतेय, ‘हाझुकाशी, हाझुकाशी’ — लाज वाटते म्हणून. मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू, जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. आणि शेवटी ते पांढऱ्या हातमोज्यांतले पिकल्या केसांचे मॅनेजर. तुमच्याच वयाचे. त्यांच्याही डोक्यावर हात. मी म्हटलं, झालं, आता पोलीस. पण ते उठलेच नाहीत लवकर. सगळ्यांत जास्त वेळ तेच वाकून राहिले, आई. तुम्ही पुढे थर्मास बघायला गेलात, मी वळून बघत होते.

हे मी युलानला सांगितलं. ती हसली — लोळली जमिनीवर. मग उठली, केस नीट केले आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. मी विचारलं काय झालं. तर म्हणाली, ‘इतकी वर्षं वाकतेय मी या देशात. स्टुडिओत शिरताना वाकते, निघताना वाकते, काम मिळालं तरी वाकते, नाही मिळालं तरी वाकते. माझ्या डोक्यावर कुणी हात नाही ठेवला.’ आणि मग लगेच म्हणाली, आपला शेवट हाच, यावर पडदा. नकलेतला हात माझा, शाल तुमची, आणि खाली वाकलेली ती. सराव करताना दर वेळी इथे आलो की ती जरा जास्त वेळ खाली राहायची. मी म्हणायचे, अगं ऊठ, लय जातेय.

चेष्टा नाही करत मी तुमची. म्हणजे — करते. हसतात लोक, हसायलाच हवं. पण युलाननं मला शिकवलं ते हे, की नक्कल करायची तर आधी माणूस बघावा लागतो. नीट. हात कुठे ठेवतो, कुठल्या शब्दाला थांबतो, काय करून झालं की त्याला बरं वाटतं. आई, लग्नाला आठ वर्षं झाली, आणि मी तुमच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही खोलीत आलात की मी पदर बघायचे, माझं काय चुकलं ते बघायचे. भीती वाटायची तुमची, स्पष्टच सांगते. तुम्ही येणार म्हटल्यावर तीन महिने कसे काढायचे म्हणून मी युलानपाशी रडले होते. आणि मग मी तुम्हाला बघायला लागले, नकलेसाठी म्हणून — आणि भीती गेलीच कुठेतरी. तुम्ही रागावून काही बोललात की पूर्वी मला लागायचं, आता मला वाटतं, अरे वा, हे वाक्य काय सुरेख टाकलं. तुम्ही मार्चमध्ये परत जाणार, तर मला आत्तापासून करमेनासं झालंय. हे काही मला सांगायचं नव्हतं. ओहायोचं तेवढं सांगायचं होतं.

बोला ना काहीतरी. पाक तर संपला, आता वळायलाही काही नाही, नुसतं ताटाकडे काय बघताय. — नाही, मी जात नाहीये रविवारी, नाही म्हणून सांगितलंय मी तिला, ते मिटलं. हळदीकुंकू होणार, मी ती डाळिंबी साडी नेसणार, तुम्ही काळजी करू नका. मी फक्त — काय? असं नाही करत तुम्ही? काय असं नाही? — हात? मी हात एकदम पालथा ठेवते नकलेत, हो, असा, डोक्यावर. तुम्ही तसा नाही ठेवत? आधी बोटं केसांना लागतात, मग तळवा? हां. हां, खरंच की! आणि दाबायचं नाही, नुसता टेकवायचा. आणि डोळे मिटायचे? तुम्ही डोळे मिटता? आई, एवढं बघून हे कसं सुटलं माझ्याकडून!

आली वाटतं. बेल वाजली. बसा, मी उघडते — अहो, तुम्ही कशाला उठताय, हाताला गूळ आहे तुमच्या, तूप आहे, धुवा तरी आधी, मी जाते ना — आई!

आई, काय म्हणालात तुम्ही तिला? संध्याकाळचे सहा वाजलेत. आत्ता — ओहायो गोझाइमास म्हणालात तुम्ही?

युलान, अगं — नाही, वर बघू नकोस. वाकलीच आहेस तर राहा तशी. असू दे, तूप लागलं तर लागू दे केसांना, तिळाचे दाणे आहेत, ते पडतील, हलू नकोस. डोळे मिटलेत त्यांनी. — शाल? आई, तुमचीच आहे, घ्या की, ती द्यायलाच आलीय. नको? तिच्याकडेच राहू दे? रविवारपर्यंत? आणि हळदी— रथसप्तमीपर्यंत चालतं, हो, ते ठाऊक आहे मला, पण नयनाला, स्नेहलताला तुम्ही सगळ्यांना — त्यांनाही घेऊन? असाकुसाला? सगळ्या बायका? लाडू तिथेच वाटायचे? अहो, पण हॉलमध्ये खायला देतात की नाही ते मला — युलान, हसू नकोस, तुला काय कळतंय मराठी, आणि ह्या तुला काय सांगताहेत ते — कळलं? काय कळलं तुला? मला तरी —

काय? हो. हो, आई. गप्प बसते.